पहिल्यांदाच घर भाड्याने देताना : आपल्यातल्या नव्या घरमालकांसाठी

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात एक नवी गोष्ट घडते आहे आणि तिच्यावर आपण फारसे बोलत नाही. रेल्वेत, बँकेत, महापालिकेत, शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या आई-वडिलांनी बदलापूर-अंबरनाथकडे, पुण्यात विश्रांतवाडीकडे किंवा नागपूरच्या एखाद्या ले-आउटमध्ये घेतलेले छोटे घर आता मुलांच्या हातात आले आहे. कुणी पगारातून हप्ते भरत वन बीएचके घेतला आणि मग बदली झाली. ही घरे भाड्याने निघतात. ज्या घराण्यात आजवर सगळे भाडेकरूच झाले, त्या घराण्यातला पहिला घरमालक आज तिशी-पस्तिशीतला आहे.

त्याला सल्ला देणारे कुणी नसते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या चाळी आणि गाळे भाड्याने दिले जातात, तिथे करार कसा करायचा, डिपॉझिट किती घ्यायचे, कुणाला कसे उठवायचे हे जेवताना कानावर पडत असते. आपल्याकडे हा शब्द कानावर पडला तो बहुतेक वेळा घरमालकाच्या विरोधातच. त्यामुळे आपला नवा घरमालक दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर विश्वासावर सगळे सोडून देतो, नाही तर ज्या घरमालकाने आपल्याला छळले त्याचीच नक्कल करतो. आमच्याकडे कार्यकर्ते जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतून हा लेख लिहीत आहोत. उदाहरणातले आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या घराचे तुम्ही घालून पाहा. कायद्याची माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

आधी हिशोब

धरू या, २५ लाखांचा वन बीएचके आहे, त्यावर २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी आहे. हप्ता साधारण १७,३५० रुपये. भाडे ९,००० रुपये मिळेल असे एजंटने सांगितले. घरात सगळे म्हणतात, निम्मा हप्ता भाड्यातूनच सुटला.

सुटत नाही. वर्षातला एक महिना घर रिकामे जाते असे धरा, एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत तेवढा वेळ लागतोच. मग भाडे येते ९९,०००. मेंटेनन्स महिना १,२५० म्हणजे वर्षाला १५,०००. घरपट्टी ४,०००. एजंटला एका महिन्याचे भाडे ९,०००. रंग, नळ, गीझर, बाथरूमची गळती यांत ८,००० सहज जातात. कराराची नोंदणी आणि एजंटची धावपळ अडीच हजार, ती सगळी आपणच भरली असे धरून. उरले ६०,५००. म्हणजे महिन्याला ९,००० दिसत होते ते हातात पाच हजार पडले, आणि हप्त्यातले बारा हजारांहून जास्त पगारातूनच जाणार.

हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. घर वाढत्या किमतीची वस्तू आहे, कर्ज फिटल्यावर तेच भाडे म्हातारपणी आधार होते. पण भाडे म्हणजे दुसरा पगार असे समजून जो मोटरसायकलचा हप्ताही त्यावर काढतो, तो पहिल्याच रिकाम्या महिन्यात भाडेकरूवर चिडायला लागतो. भाड्यासाठीची भांडणे आम्ही पाहिली आहेत, त्यांतल्या बऱ्याच भांडणांच्या मुळाशी घरमालकाची स्वतःची ओढाताण असते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे, एक भाग उपभोगाला, दोन व्यवसायात आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी बाजूला. भाड्याच्या पैशाला हा हिशोब फार चपखल बसतो. दोन-तीन महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम बाजूला पडल्याशिवाय भाडे घरखर्चात धरू नये.

प्राप्तिकराचेही इथेच सांगून टाकतो, कारण नोकरदार मुले हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचे विसरतात. रोखीने घेतलेले भाडेही उत्पन्नच आहे. वर्षात मिळालेल्या भाड्यातून तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या असोत वा नसोत. वरच्या उदाहरणात ९९,००० मधून ४,००० गेले, ९५,००० राहिले. त्याचे ३० टक्के म्हणजे २८,५०० गेले. राहिले ६६,५००. यातून कर्जाचे व्याज वजा होते, आणि पहिल्या वर्षी ते सुमारे १ लाख ६८ हजार असते, म्हणजे कागदावर तोटाच दिसतो. जुन्या करपद्धतीत हा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या पद्धतीत भाड्याचे उत्पन्न शून्यावर आणता येते, पण तोटा पगारावर टाकता येत नाही. पद्धत निवडताना हे एकदा सीएला विचारून घ्या. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो त्या ३० टक्क्यांतच आला.

घर द्यायचा अधिकार कुणाला

एसआरएची सदनिका, म्हाडाचे किंवा सरकारी योजनेतले घर असेल तर भाड्याने देण्याआधी वाटपपत्रातल्या अटी वाचा. अशा घरांवर ठरावीक वर्षे हस्तांतराचे निर्बंध असतात आणि भाड्याने देणेही त्यात येऊ शकते. 'सगळेच देतात' हे उत्तर तक्रार झाल्यावर चालत नाही. कर्ज चालू असेल तर बँकेच्या करारात याबाबत काय लिहिले आहे तेही पाहावे.

वडिलांच्या नावावरचे घर वडील गेल्यानंतर भाड्याने देताना तर फारच गोंधळ होतो. घर चार भावंडांचे, भाडे एकाच्या खात्यात, डिपॉझिट दुसऱ्याने वापरले, आणि तिसऱ्याला काही माहीतच नाही. त्यात बहिणींना विचारायची पद्धत अजूनही अनेक घरांत नाही, जरी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (आणि तो आपल्यालाही लागू होतो) त्यांचा हिस्सा बरोबरीचा आहे. आधी सोसायटीत वारसांची नोंद करा. करारावर सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा एकाला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्या. डिपॉझिट कुणाकडे राहणार हे भावंडांनी आपापसात लिहून ठेवावे. भाडेकरूशी होणाऱ्या भांडणापेक्षा हे भांडण जास्त वर्षे चालते.

नोटरीचा कागद पुरत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की झाले, असे एजंट सांगतात. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा नोंदणी कायद्यातला नियम त्यांच्या डोक्यात असतो. महाराष्ट्रात तो उपयोगाचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षे.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात आणि त्या खोट्या आहेत हे सिद्ध करण्याचे ओझे घरमालकावर येते. भाडे ९,००० ठरले होते की ६,०००, डिपॉझिट पन्नास हजार होते की एक लाख, मुदत अकरा महिने होती की पाच वर्षे, हे सगळे मग तोंडी होऊन बसते.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मुदतीतले एकूण भाडे आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर लागते. अकरा महिने ९,००० म्हणजे ९९,००० आणि ५०,००० डिपॉझिटवर धरलेले व्याज सुमारे ४,५८३. बेरीज १,०३,५८३, त्याचा पाव टक्का सुमारे २६० रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. नोंदणी आता ऑनलाइन होते. अधिकृत सेवा देणारा माणूस घरी येऊन अंगठ्याचे ठसे आणि फोटो घेतो, त्याची फी वेगळी. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. दोन-अडीच हजार वाचवण्यासाठी पंचवीस लाखांचे घर तोंडी बोलीवर सोडणे हा आमच्या मते वेडेपणा आहे.

नोंदणीचा दुसरा फायदा मुदत संपल्यावर कळतो. मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दिवाणी कोर्टाच्या वाटेपेक्षा ही वाट जवळची आहे, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. पण हा मार्ग मुदत संपल्यानंतरचा आहे. म्हणूनच मुदत छोटी ठेवावी, आणि भाडे सलग दोन महिने थकले तर किती दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल हे करारातच लिहावे. भाडेकरूलाही तितक्याच दिवसांची नोटीस देऊन जाता आले पाहिजे. एकतर्फी करार करून घेणारा घरमालक पुढे तोंडावर पडतो.

आणखी एक भीती ऐकायला मिळते. 'बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो.' होत नाही. तुमच्या परवानगीने, करार करून राहिलेल्या माणसाचा ताबा हा तुमच्याच वतीचा ताबा असतो. या भीतीपायी चांगल्या भाडेकरूला दर अकरा महिन्यांनी बाहेर काढणारे महाभाग आहेत. त्यापेक्षा नवा करार करून पुन्हा नोंदणी करा.

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालयांत तसे आदेश निघतात आणि पोलिसांच्या संकेतस्थळावर फॉर्म भरता येतो. ही फक्त माहिती द्यायची असते, परवानगी मागायची नसते. भाडेकरूला पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवायचे काहीही कारण नाही.

'आपलाच माणूस आहे'

विहारात ओळख झाली, गावाकडचा निघाला, चळवळीतला आहे, म्हणून कागद न करता चावी दिली. असे आपल्याकडे फार होते. त्यामागची भावना आम्हाला कळते. आपल्या माणसाकडे करार मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे वाटते. डिपॉझिटही घेत नाहीत. मग चार महिने भाडे थकते, मागायची लाज वाटते, पाचव्या महिन्यात फोन उचलणे बंद होते, आणि सहाव्या महिन्यात दोघे जण जयंतीच्या मिरवणुकीत एकमेकांना टाळून चालतात. मध्यस्थीला वस्तीतले ज्येष्ठ बसतात. पण ठरले काय होते हेच कुणाला माहीत नसते, त्यामुळे ते दोघांनाही थोडे-थोडे चुकीचे ठरवून उठतात. घर मिळते किंवा मिळत नाही. संबंध मात्र गेलेला असतो, आणि कधी कधी त्या विहारातला एक कार्यकर्ताही.

भाड्यात सवलत द्यायची असेल तर जरूर द्या. पण ती आकड्यात द्या आणि करारात लिहा. बाजारात ९,००० असेल तर विद्यार्थ्याला ७,५०० लावा, डिपॉझिट एक महिन्याचे घ्या. उपकाराच्या भाषेत दिलेले घर भाडेकरूलाही सुखाने राहू देत नाही. नळ गळत असला तरी तो सांगत नाही, कारण आधीच स्वस्तात दिले आहे. अशाने भिंतीत ओल मुरते आणि सहा महिन्यांनी खर्च दसपट होतो.

कुणाला द्यायचे

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यानंतरचा भाग मात्र कमी सांगितला जातो. त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्या ओळखीच्या दोन शिकलेल्या माणसांना आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांपैकी कुणीही थेट नाही म्हटले नाही. एकाने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले की बायकोला विचारावे लागेल.

आज पुण्यात एमपीएससीच्या तयारीला आलेल्या आपल्या मुला-मुलींना हेच ऐकायला मिळते. जात विचारत नाहीत, आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हणतात, मग 'घरच्यांना विचारून सांगतो' म्हणतात आणि फोन येत नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत यावर अभ्यास केला. तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सारखीच ऐपत असूनही दलित आणि मुस्लीम असल्याचे कळल्यावर घर नाकारले जाते, किंवा जास्त भाडे आणि जाचक अटी लावल्या जातात, हे त्यात दिसले. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आहे आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेबाबत अडवणूक करणे हा त्यात गुन्हा आहे. पण घरमालक खरे कारण तोंडाने सांगतच नाही, मग सिद्ध काय करणार?

आता घर आपले आहे आणि फोन आपल्याला येतो. आपला नवा घरमालक काय करतो, हे आम्ही पाहतो आहोत, आणि सगळेच चित्र चांगले नाही. 'मुस्लीम नको, सोसायटीवाले बोलतात', 'बॅचलर नको', 'नवरा नसलेली बाई नको, उगाच भानगड', 'त्या जातीचे लोक अस्वच्छ राहतात', ही वाक्ये घरात बाबासाहेबांचा फोटो असलेल्या माणसांच्या तोंडी आम्ही ऐकली आहेत. मालकी मिळाली की ती भाषाही आपोआप येते की काय, असे वाटते.

दुसरीकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फक्त बौद्धांसाठी' अशा जाहिराती फिरतात. यावर आपल्यात दोन मते आहेत. ज्यांना कुठेच दार उघडत नाही त्यांच्यासाठी एक दार राखून ठेवले तर बिघडले काय, असे एक मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण आमचे मत असे की जाहिरातीत 'फक्त' हा शब्द आला की आपण त्याच भिंतीची दुसरी बाजू बांधायला लागतो. घर रिकामे झाल्याची बातमी पहिल्यांदा कुठे द्यायची हे तुमच्या हातात आहे. ती आपल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत, नाकारल्या जाणाऱ्या मुस्लीम कुटुंबांत, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींत आधी पोहोचवा. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला मात्र निकष एकच लावा.

निकष कोणते? उत्पन्न आहे का, आणि भाडे त्याच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसते का. आधी कुठे राहत होता आणि त्या घरमालकाला एक फोन करता येईल का. किती माणसे राहणार, किती दिवसांसाठी. ओळखपत्र खरे आहे का. या चार-पाच गोष्टी पहिला फोन येण्याआधी कागदावर लिहून काढा. लिहिलेले असले की नकार देतानाही खरे कारण सांगता येते, आणि निकषात बसणाऱ्याला नकार द्यावासा वाटलाच तर तो का, हे आपले आपल्याला कळते. स्वयंपाकघरात काय शिजते हा निकष नाही.

बाबासाहेब स्वतः काही काळ घरमालकही होते, हे फार थोड्यांना माहीत असते. परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिलेल्या बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले. एकावर 'राजगृह' उभे राहिले. दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी 'चार मिनार' ही इमारत बांधली. त्यासाठी कर्ज काढले होते, आणि कर्जफेडीसाठी आणि पुस्तकांसाठी १९४१ मध्ये 'चार मिनार' विकली. भाड्याच्या उत्पन्नाने स्वतःच्या पायावर उभे राहण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे सांगण्यासाठी एवढा दाखला पुरे.

सोसायटीचा सेक्रेटरी

तुम्ही निकष लावून भाडेकरू ठरवला, आणि मग सेक्रेटरीचा फोन येतो. 'कोण आहेत? आमच्या सोसायटीत चालत नाही. ठराव झालाय.' नवा घरमालक इथे कच खातो. सोसायटीत आपले एकच घर, त्यात आडनाव आपले. कशाला वाकडे घ्या?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका लिव्ह अँड लायसन्सने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचे, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढेच. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते एकदा मागून पाहा. ना-हरकत दाखला हवाच असा हट्ट धरला तर उपविधीतला तो क्रमांक लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी उत्तर येत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटी घेऊ शकते, पण २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. म्हणजे ६०० रुपये सेवाशुल्क असेल तर ६० रुपये. महिना हजार-दोन हजार मागणाऱ्या सोसायट्या आहेत आणि माहिती नसल्याने ते भरणारे आपले लोकही आहेत. पावती ठेवा आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. लिफ्ट वापरायची नाही, गच्चीवर जायचे नाही असे भाडेकरूला सांगण्याचाही सोसायटीला अधिकार नाही, आणि त्याच्या बाजूने बोलायचे काम तुमचे आहे. त्याला तिथे दुसरे कुणी नसते.

डिपॉझिट परत करायचे असते

पन्नास हजार खात्यात आले की हप्त्यात, लग्नात, दवाखान्यात जातात. अकरा महिन्यांनी भाडेकरू निघतो तेव्हा ते पैसे नसतात. मग रंगाचे पंधरा हजार, फरशीवर ओरखडा आहे, खिळे ठोकलेत, अशी यादी तयार होते. भाडेकरू असताना आपण सगळेच या यादीतून गेलो आहोत. डिपॉझिट स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवा, अकरा महिन्यांचीच. जमत नसेल तर डिपॉझिट कमी घ्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, पण माप म्हणून दोन महिने ठीक आहे. मुंबई-पुण्यात यापेक्षा बरेच जास्त मागतात.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. भिंत, छत, ड्रेनेज, वायरिंग हे घरमालकाचे. दिवे, नळाचे वॉशर, वापरून झालेली मोडतोड भाडेकरूची. रोजच्या वापराने रंग फिका होतो, त्याचे पैसे कापू नयेत. चावी देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा, पंखे, ट्यूबलाइट, गीझर यांची यादी कराराला जोडा, वीज मीटरचे रीडिंग लिहा.

भाडे थकले तर? आधी बोला, नोकरी गेली असेल तर हप्ते बांधून द्या आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या. नाहीच जमले तर करारातल्या अटीप्रमाणे लेखी नोटीस, मग वकील. पाणी तोडणे, वीज काढणे, कुलूप बदलणे, चार पोरे घेऊन जाऊन सामान बाहेर काढणे, हे करू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडण्याला मनाई आहे, आणि असे केल्यावर पोलीस केस थकबाकीदाराऐवजी तुमच्यावर होते. त्यातही मंडळाच्या, संघटनेच्या पोरांना यासाठी वापरणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहावे. जुने फोटो समोर ठेवावेत. मीटरचे रीडिंग घेऊन त्या दिवसापर्यंतचे वीजबिल काढावे, मेंटेनन्सची बाकी पाहावी. कापायची रक्कम असेल तर कशासाठी ती एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी, आणि उरलेले डिपॉझिट भाडेकरू दारात उभा असतानाच बँकेतून त्याच्या खात्यात टाकावे. पैसे आल्याचा मेसेज त्याने पाहिला की चावी घ्यावी. मुदतीआधी घर सोडले असेल तर करार संपल्याचे दोघांच्या सहीचे पत्र करून ठेवावे, आणि सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला कळवावे.